सत्तरीनंतर फ्लूची लस लागू पडते का?

अंबाझरीकाठ (धागाकर्ता)

अंबाझरी उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा आठ निवृत्तांमध्ये गेल्या आठवड्यापासून एक वाद पेटला आहे, आणि तो तर्री-पोह्यांच्या ठेल्यापर्यंत पोचूनही मिटलेला नाही. आमच्यातील एक निवृत्त अभियंता छातीठोकपणे सांगतात की साठीनंतर फ्लूच्या लशीने शरीरात पुरेशी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयारच होत नाहीत, त्यामुळे म्हाताऱ्यांनी ती घेणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसरे गृहस्थ तीन वर्षे नेमाने लस घेतात. त्यांनाही मागच्या फेब्रुवारीत फ्लू झाला आणि त्यांच्या त्या आजारपणाचा दाखला अभियंत्यांनी लगेच आपल्या बाजूने खेचला.

मी स्वतः १९५५ चा. मधुमेह चौदा वर्षे जुना आहे. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले असल्याने ‘लागू पडते’ आणि ‘लागू पडत नाही’ अशा दोनच कप्प्यांत उत्तर मावेल असे मला वाटत नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. वृद्ध शरीरात लस गेल्यावर नेमके काय घडते, हे कोणी जाणकार समजावून सांगेल का? अनुभव सांगणाऱ्यांनीही अवश्य सांगावेत, परंतु अनुभव कोणता आणि अनुमान कोणते हे वेगळे ठेवावे, ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

काका, तुमचे अभियंता मित्र अर्धे बरोबर आहेत, आणि अर्धे बरोबर असलेल्या माणसाची समजूत घालणे फार कठीण असते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे वृद्धांमध्ये तरुणांपेक्षा कमी असतात, हे निर्विवाद आहे; ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यातही हेच दिसले. याचे कारण समजून घ्यायचे तर छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीपासून सुरुवात करावी लागते. टी पेशी, म्हणजे शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, येथे ‘शिकून’ बाहेर पडतात. ही ग्रंथी पौगंडावस्थेनंतर आक्रसत जाते आणि साठी-सत्तरीपर्यंत तिची जागा बहुतांशी चरबीने घेतलेली असते. त्यामुळे कधीही न पाहिलेल्या शत्रूला ओळखू शकतील अशा कोऱ्या टी पेशींचा साठा रोडावतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींचेही तसेच होते. लसिका गाठींमध्ये बी पेशी एकमेकींशी स्पर्धा करून अधिकाधिक अचूक प्रतिपिंडे घडवतात. त्या कामाला टी पेशींची जी मदत लागते, ती उतारवयात दुबळी पडते. याच्या जोडीला शरीरात कायमची मंद धग असते, म्हणजे कमी तीव्रतेचा दाह. मधुमेह आणि स्थूलतेत ती अधिक असते. सततच्या गोंगाटात हाक ऐकू येऊ नये, तशी लशीची हाक त्या दाहात हरवते.

मात्र जुन्या स्मृतिपेशी शाबूत असतात. ही व्यवस्था मला सरकारी कार्यालयातल्या निवृत्तीला आलेल्या बाबूसारखी वाटते: जुन्या फायली तोंडपाठ, पण नवी फाईल उघडायची म्हटले की दिवस लागतात. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा थोडा बदलतो, म्हणून या बाबूपुढे येणारी फाईल अर्धी जुनी आणि अर्धी नवी असते.

आता राहिलेला अर्धा भाग. लस ‘लागली’ की नाही हे ठरवण्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी मोजतात, आणि १:४० ही पातळी (म्हणजे रक्तद्रव चाळीस पट पातळ केले तरी प्रतिपिंडांचा परिणाम दिसणे) गाठली की सुमारे निम्म्या लोकांना संसर्गापासून संरक्षण मिळते असे धरण्याचा प्रघात आहे. हा आकडा १९७० च्या दशकाच्या आरंभी निरोगी प्रौढांवरील प्रयोगांतून आला. सत्तरीच्या माणसाला तो जसाच्या तसा लावणे कितपत योग्य, यावर बराच खल झाला आहे, कारण आजार किती गंभीर होईल हे ठरवण्यात टी पेशींचा वाटा मोठा असतो आणि तो वाटा प्रतिपिंडांच्या चाचणीत दिसतच नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. तो न्यूमोनियापर्यंत जातो की घरच्या घरी चार दिवसांत आटोपतो, हा वेगळा प्रश्न आहे, आणि वृद्धांच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे.

सक्करदरा_चौक

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कणकण आली होती, तेव्हापासून ते ‘लशीनेच फ्लू होतो’ असे म्हणून दंड पुढे करत नाहीत. यात तथ्य आहे का?

सूक्ष्मदर्शी

नाही. वृद्धांना टोचली जाणारी लस मारलेल्या विषाणूचे तुकडे किंवा त्याची प्रथिने वापरून बनवलेली असते. त्यातून फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस बारीक ताप हे शरीराच्या प्रतिक्रियेचे लक्षण असते. गंमत म्हणजे असा त्रास वृद्धांपेक्षा तरुणांना अधिक होतो, त्यामुळे वडिलांना कणकण आली हे मी तरी वाईट मानणार नाही. नाकात फवारायची जिवंत, दुर्बल केलेली लस निराळी. ती पन्नाशीनंतर देत नाहीत.

शंकेखोर

मी लसविरोधक नाही, पण आकडेवारीशी पोटापाण्याचा संबंध असल्याने एक कुरबूर नोंदवतो. ‘लस घेतलेल्या ज्येष्ठांमध्ये मृत्यूचे प्रमाण निम्मे’ अशी वाक्ये एके काळी सर्रास छापली जात. अमेरिकेत ७२,५२७ ज्येष्ठांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लस घेतलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण फ्लूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कमी असल्याचे दिसले. इतकेच नव्हे, तर तो फरक हंगामापेक्षा हंगामापूर्वीच मोठा होता. विषाणू गावात आलाच नाही आणि लस मात्र जीव वाचवते आहे, असे कसे होईल? उघड आहे की जो माणूस चालत जाऊन लस घेऊ शकतो तो मुळातच अधिक धडधाकट असतो, आणि जो खाटेवर आहे त्याच्यापर्यंत लस पोचत नाही. म्हणून केवळ निरीक्षणांवर आधारलेले दावे मी जरा सावधपणेच वाचतो.

सूक्ष्मदर्शी

शंकेखोर, आक्षेप पूर्णपणे मान्य. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांकडेच वळू. नेदरलँड्समध्ये साठीपुढील सुमारे १,८०० जणांवर केलेली अशी चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांमध्ये फ्लूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ज्येष्ठांवरील अशा आठ चाचण्यांचा, म्हणजे ५,००० हून अधिक सहभागींचा, आढावा घेतला. एका हंगामात लस न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना फ्लू झाला, तर लस घेतलेल्यांत हे प्रमाण २.४ टक्के होते. म्हणजे सुमारे तीस ज्येष्ठांना लस दिली की एकाचा फ्लू टळतो. या पुराव्याची खात्री फार उच्च दर्जाची नाही, हेही त्याच आढाव्यात नमूद आहे. मृत्यू टळतात की नाही हे ठरवण्याइतक्या मोठ्या त्या चाचण्या नव्हत्याच.

एक बाब मात्र केवळ फुप्फुसांपुरती पाहून चालणार नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: प्रयोगशाळेत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण इतर काळाच्या सहापट होते. येथे प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच इतर दिवसांशी केलेली होती, त्यामुळे ‘धडधाकट माणूस’ हा आक्षेप येथे लागू होत नाही. पुढे २०२१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयातच लस दिलेल्या आणि न दिलेल्या सुमारे २,५०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी आली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काही घडण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांत ७.२ टक्के आणि घेतलेल्यांत ५.३ टक्के होते. काका, तुमच्या चौदा वर्षांच्या मधुमेहाकडे मी या चष्म्यातून पाहीन.

महालवाली

आमच्या घरी सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि दीड वर्षापासून घराबाहेर पडलेल्या नाहीत, त्यामुळे शंकेखोर यांचे ‘खाटेवरचा माणूस’ हे वाक्य वाचून थोडे थबकले. त्यांना गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये घरी बोलावून लस दिली. देणाऱ्याने खोके दाखवले नाही. मी हट्टाने मागितले तेव्हा त्यावर आदल्या हंगामाचे वर्ष छापलेले होते. मुदत संपलेली नव्हती, म्हणून ‘चालते हो ताई’ असे उत्तर मिळाले. तो दवाखाना कोणता हे लिहीत नाही, पण तेव्हापासून मनात खटकते आहे. मुदत असेल तर वर्ष जुने असल्याने खरेच काही बिघडते का? आणि नागपुरात लस घ्यायची नेमकी वेळ कोणती? कोणी म्हणते पावसाआधी, कोणी म्हणते दिवाळीनंतर.

इतवारीचा_औषधवाला

ताई, मुदत आणि हंगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात मी हे रोज समजावतो. मुदत म्हणजे औषध टिकले आहे. हंगाम म्हणजे त्यातील विषाणू कोणते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या वर्षासाठी. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष दोन्ही छापलेले असते. ते वाचूनच लस टोचून घ्यावी, आणि न दाखवणाऱ्याला नम्रपणे नको म्हणावे.

आता आपली अडचण अशी की नागपूर आहे उत्तर गोलार्धात, पण फ्लू आपल्याकडे त्या हिशेबाने येत नाही. भारतात त्याचे दोन जोर दिसतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात व त्यानंतर. काश्मीरकडे हिवाळ्याचाच जोर मोठा. २०१५ च्या सुरुवातीला विदर्भाने काय भोगले ते येथील जुन्या लोकांना आठवत असेल. त्या वर्षी देशभरात एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराचे (स्वाइन फ्लूचे) ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. लस घेतल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून मी ग्राहकांना मृगाच्या आसपास नवा साठा आला की घ्या असे सांगतो. ज्यांचा पावसाळा हुकला त्यांनी पुढच्या जूनची वाट पाहत न बसता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी.

आणखी एक. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठली तरी वाया जाते. मे-जूनच्या नागपुरात, जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे खिशात किंवा स्कूटरच्या डिकीत घालून दवाखान्यापर्यंत लस नेणारी माणसे मी पाहिली आहेत. असे करू नये. जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधील लस घ्यावी, नाहीतर बर्फाच्या पिशवीच्या डब्यातून न्यावी, पण कुपी बर्फाला चिकटू देऊ नये. वृद्धांची प्रतिक्रिया आधीच मंद असते. तिच्यात उन्हाने तापलेल्या लशीची भर कशाला?

अलीकडे ‘चार विषाणूंची लस होती, तीनची कशी झाली, कंपनीने काटकसर केली का?’ असेही लोक विचारतात. काटकसर नाही. फ्लूच्या बी प्रकारच्या विषाणूचा यामागाटा हा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून त्याला लशीतून वगळण्याची शिफारस २०२३ मध्ये झाली.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत असते, बाबा प्रतापनगरात. येथे ६५ वर्षांवरील लोकांना नेहमीची लस न देता तीव्र मात्रेची, सहायक द्रव्य घातलेली किंवा पुनर्संयोजित (जनुकीय) तंत्राने बनवलेली लस शक्यतो द्यावी, अशी शिफारस २०२२ पासून आहे. नेहमीच्या लशीत प्रत्येक विषाणूचे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असते, तीव्र मात्रेत चौपट म्हणजे ६०. बाबूला फाईल उघडायला वेळ लागतो, तर त्याच्या टेबलावर चार वेळा थाप मारायची, असा साधा हिशेब. सुमारे ३२,००० ज्येष्ठांवरील चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र मात्रेच्या गटात फ्लू नेहमीच्या लशीच्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी होता. सहायक द्रव्याच्या लशीत स्क्वालिन हे तेल वापरतात, ते टोचल्या जागी प्रतिकारपेशींना गोळा करते. बाबांसाठी अशी लस नागपुरात मिळते का, याची चौकशी मी त्यांच्या डॉक्टरांकडेच करायला सांगितली आहे.

शंकेखोर

ताई, त्या चोवीस टक्क्यांसोबत २०२५ ची डॅनिश चाचणीही वाचावी. ३ लाख ३० हजारांहून अधिक ज्येष्ठ, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट, आणि मुख्य प्रश्न हा की फ्लू किंवा न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते का. तीव्र मात्रेच्या बाजूने थोडा कल दिसला, पण तो योगायोग नव्हे असे ठामपणे म्हणण्याइतका नव्हता. केवळ फ्लूमुळे दाखल होणाऱ्यांत मात्र फरक स्पष्ट होता. तेव्हा मिळाली तर चांगलेच, परंतु ती मिळेपर्यंत साधी लसही नको, असा निष्कर्ष काढून बाबांना बिनलशीचे ठेवू नये.

अंबाझरीकाठ

सर्वांचे आभार. गटात हे सर्व वाचून दाखवले. अभियंता मित्रांनी आता मोर्चा वळवला असून त्यांचे म्हणणे असे आहे की दरवर्षी लस घेतल्याने तिचा परिणाम बोथट होतो. शिवाय त्यांनी ‘माणसाला लहानपणी झालेला पहिला फ्लू त्याचे पुढचे सगळे ठरवतो’ असेही कुठेसे वाचले आहे. त्यांचा जन्म १९५४ चा. सूक्ष्मदर्शी, यातले खरे किती?

सूक्ष्मदर्शी

तुमचे मित्र प्रत्येक वेळी अर्धे बरोबर असतात, त्यांना येथे सदस्य करून घ्या.

लहानपणीच्या पहिल्या फ्लूचा ठसा ही कल्पना खरी आहे आणि मला स्वतःला या विषयातील सर्वांत मनोहर वाटते. थॉमस फ्रान्सिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० मध्ये तिला ‘आद्य प्रतिपिंडांचे पाप’ अशा अर्थाचे नाव दिले. शरीर आयुष्यातल्या पहिल्या फ्लूची आठवण सर्वांत घट्ट धरून ठेवते आणि पुढे वेगळा विषाणू आला तरी आधी त्याच जुन्या आठवणीला हाक मारते. १९१८ ते १९५७ या काळात माणसांत एच१एन१ फिरत होता. १९५७ मध्ये एच२एन२ आला, १९६८ मध्ये एच३एन२, आणि १९७७ मध्ये एच१एन१ परत आला. तुम्ही दोघे १९५४-५५ चे, म्हणजे तुमचा पहिला फ्लू एच१एन१ चा किंवा १९५७ च्या साथीतला एच२एन२ चा असण्याचा संभव अधिक. हे दोन्ही एकाच कुळातले. एच३ मात्र दुसऱ्या कुळातला. २००९ मध्ये नवा एच१एन१ आला तेव्हा तरुण अधिक आजारी पडले आणि बऱ्याच वृद्धांना त्याची झळ तुलनेने कमी लागली, त्यामागे ही जुनी आठवण होती. उलट ज्या वर्षी एच३एन२ जोरात असतो त्या वर्षी वृद्धांनी रुग्णालये भरतात. लशीसाठी कोंबडीच्या अंड्यात वाढवताना याच एच३एन२ मध्ये कधी कधी असे बदल होतात की लशीतला विषाणू आणि गावातला विषाणू यांत अंतर पडते.

दरवर्षी लस घेतल्याने पुढच्या लशीला मिळणारे प्रतिपिंडांचे उत्तर काही वर्षी थोडे उणे दिसते, हेही खरे आहे. ते सर्व हंगामांत सारखे नसते. आधीची लस, नवी लस आणि प्रत्यक्ष विषाणू यांत किती साम्य आहे त्यावर ते अवलंबून असते. परंतु तुलना कोणाशी करायची? ‘यंदा घेतली आणि मागेही घेतली होती’ या माणसाची तुलना ‘यंदा घेतलीच नाही’ याच्याशी केली, तर घेणारा बहुतेक हंगामांत फायद्यात राहतो. शिवाय लशीचे संरक्षण महिन्यागणिक उतरत जाते, वृद्धांत ते अधिक वेगाने उतरते, आणि विषाणू तोवर बदललेला असतो. म्हणून वार्षिक लस सोडून बसण्यासारखा पर्याय आज तरी हातात नाही.

बर्मिंगहॅमच्या परिसरात ज्येष्ठांवर केलेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक छोटी चाचणीही सांगून ठेवतो: सकाळी ९ ते ११ दरम्यान लस घेतलेल्यांत तीनपैकी दोन विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे दुपारी घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळली. तेवढ्यावर धोरण ठरत नाही, पण नागपूरच्या जूनमध्ये सकाळी बाहेर पडण्यासाठी आणखी कारणाची गरज कोणाला आहे?

महालवाली

सूक्ष्मदर्शी, मग सासूबाईंसारख्या अगदी अशक्त माणसाचे काय? त्यांच्या शरीराने उत्तरच दिले नाही तर?

सूक्ष्मदर्शी

ताई, त्यांना द्याच, परंतु तेवढ्यावर विसंबू नका. त्यांच्यापर्यंत विषाणू स्वतः चालत येणार नाही. तो तुमच्या, मुलांच्या किंवा कामाच्या मावशींच्या श्वासातून येईल. तुमच्या शरीराचे उत्तर त्यांच्यापेक्षा खणखणीत असणार, म्हणून घरातील सगळ्यांनी लस घेणे हे त्यांच्याच लसीकरणाचा भाग समजा. न्यूमोकोकसची (न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूवरची) लस झालेली नसेल तर तिच्याविषयीही डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांवर देता येतात. आणि त्यांना ताप-खोकला आला, तर लस झाली आहे म्हणून थांबू नका. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत उपयोगी पडते. अतिवृद्धांना फ्लूत ताप येतोच असेही नाही. अचानक आलेली ग्लानी, तोंडची चव जाणे किंवा बोलण्यात गोंधळ एवढेच लक्षण असू शकते.

अंबाझरीकाठ

काल सकाळी साडेनऊला मी आणि सौभाग्यवतींनी लस घेतली. इतवारीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे खोके मागून त्यावरचे गोलार्ध आणि वर्ष वाचले, तेव्हा परिचारिकेने विचारले, ‘काका, तुम्ही मास्तर होते का?’ माझा दंड आज किंचित दुखतो आहे, सौभाग्यवतींना काहीच जाणवले नाही.

आमच्या आठांपैकी पाच जणांची लस झाली. अभियंता मित्रांनी अजून घेतलेली नाही. त्यांनी कॉक्रेनच्या आढाव्यातील तीसचा आकडा कागदावर मांडून पाहिला आणि ‘आपण आठच आहोत, तीस नाही’ असा नवा मुद्दा काढला. त्यावर त्यांच्या पत्नीने येत्या सोमवारची वेळ ठरवून टाकली आहे, सकाळी दहाची.

महालवाली

आमच्याकडे मुले, मी आणि कामाच्या मावशी अशा चौघांची रविवारी झाली. सासूबाईंसाठी नवा साठा याच आठवड्यात येणार आहे. या वेळी खोके मी आधी पाहणार आहे.